पॉवर स्टेअरिंगचा आवाज आणि त्याचे निदान

राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव आमच्या पुष्कळ वाचकांस खाडीकाठच्या यशवंतगडामुळे ठाऊक असेल. परंतु ज्यांची मुले तेथून आमच्या शाळेत शिकावयास येतात, त्यांच्या मनात नाटे म्हटले की प्रथम साखरीनाट्याचे बंदर उभे राहते. होड्या धक्क्यास लागतात, टोपल्या व क्रेट उतरतात, बर्फ फोडला जातो, आणि रांगेने उभ्या असलेल्या पिकअप गाड्या एकामागून एक माल घेऊन निघतात. मासळी ही थांबणारी वस्तू नव्हे. गाडी दोन तास रस्त्यात अडली तर मालाचा भाव उतरतो, आणि रात्रभर अडली तर माल फेकून द्यावा लागतो. म्हणून ह्या गावात गाडीच्या आवाजाकडे लोकांचे जितके लक्ष असते तितके आमच्या ऐकण्यात अन्यत्र आलेले नाही.

जून-जुलैची मासेमारीबंदी उठून हंगाम सुरू झाला होता. नववीच्या वर्गात आम्ही द्रवाच्या दाबाचा पाठ घेत होतो, आणि बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो हा पास्कलचा सिद्धांत फळ्यावर मांडून झाला होता. तोच नाट्याचा एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, “सर, आमच्या बाबांच्या गाडीचं स्टेअरिंग वळवलं की ती कण्हते. पंप दोनदा बदलला, तरी कण्हतेच. त्यात हाच सिद्धांत आहे का?” वर्ग हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण एका मालवाहू गाडीवर चालणाऱ्या घरात दोन पंपांचा खर्च म्हणजे काय, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. त्या शनिवारी आम्ही नाट्यास गेलो. तेथे जे पाहिले व पुढे जे शिकलो ते ह्या लेखात सांगावयाचे आहे. आम्ही मेकॅनिक नव्हे, पदार्थविज्ञान शिकविणारे शिक्षक आहो, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

प्रथम हे यंत्र करते काय ते पाहू. मालाने भरलेल्या गाडीच्या पुढील चाकांवर मोठे वजन असते, आणि गाडी उभी असता ती चाके जमिनीवर घासून वळवावयाची म्हणजे पुष्कळ बळ लागते. जुन्या एस. टी. गाड्यांचे चालक घाटातील वळणावर अर्धे उभे राहून दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढीत असत, हे पालकवर्गापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले असेल. हे श्रम तेलाच्या दाबाकडून करवून घ्यावेत ही कल्पना अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस ह्या अभियंत्याने सिद्धीस नेली. मोठ्या मालमोटारी बनविणाऱ्या एका कारखान्यात तो पूर्वी नोकरीस होता. तेथून बाहेर पडून त्याने स्वतंत्रपणे प्रयोग केले, आणि 1926 साली अशी गाडी चालवून दाखविली. तरी ही सोय सामान्य विक्रीच्या मोटारीत येण्यास 1951 साल उजाडावे लागले. त्या वर्षी क्राइस्लर कंपनीने आपल्या इंपीरियल गाडीत ती प्रथम बसविली.

यंत्राचे मुख्य भाग फार नाहीत. इंजिनाच्या बाजूस तेलाची एक लहान टाकी असते. तिच्यातून रबरी नळीने तेल पंपात उतरते. पंप इंजिनाच्या पट्ट्याने फिरतो आणि तेल दाबाने पुढे ढकलतो; हा दाब भर वळणावर दर चौरस इंचास हजार पौंडांच्याही वर जातो. तेथून जाड नळीने ते तेल स्टेअरिंगच्या पेटीत जाते. पेटीत एक झडप असते व तिच्याशी जोडलेली एक बारीक पोलादी कांब असते. चालकाने चाक फिरविले की ही कांब किंचित पिळली जाते. त्या पिळण्याने झडपेची तोंडे उघडून तेल दट्ट्याच्या एका बाजूस जाते, आणि दट्ट्या चाकांस ढकलतो. हात थांबला की कांब सरळ होते व साहाय्यही थांबते. काम झालेले तेल परतीच्या नळीने टाकीत येते. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न म्हणूनच योग्य होता: पास्कलचा सिद्धांत त्याच्या बाबांच्या गाडीत खरोखरच राबत होता.

येथे एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. चालकाचा हात व गाडीची चाके ह्यांचा लोखंडी सांधा ह्या सर्व तेलाच्या व्यवस्थेतही कायमच असतो. पंप बंद पडला, पट्टा तुटला, तेल सांडले, तरी गाडी वळविता येते. फक्त ती एकाएकी फार जड होते. साहाय्याची सवय झालेल्या चालकास ते एकाएकी जड होणे म्हणजे स्टेअरिंग अडकले असेच वाटते, आणि तो घाबरून हात सोडतो किंवा जोर लावावयाचे सोडून देतो. कोल्हापूरकडे माल नेताना अणुस्कुरा घाटाच्या वळणावर असे झाले तर काय होईल ते सांगावयास नको. मुलाचे वडील आम्हांस म्हणाले तेही हेच: “सर, पैशांचं काय, ते गेले. पण घाटात मधेच बंद झालं तर?”

आता आवाजाविषयी. सन 1816 मध्ये पॅरिसच्या लाएनेक नामक वैद्याने कागदाची सुरळी करून तिचे एक टोक रुग्णाच्या छातीवर व दुसरे आपल्या कानास लाविले, आणि स्टेथॉस्कोपाचा जन्म झाला. लाएनेकचे खरे मोठेपण नळीच्या शोधाइतकेच पुढील कामातही आहे. कोणता आवाज कोणत्या विकारात, श्वास घेताना की सोडताना, केव्हा येतो, हे त्याने धीराने जुळवून ठेविले. गाडीच्या बाबतीतही तोच मार्ग. “आवाज येतो” एवढे मेकॅनिकला सांगणे म्हणजे वैद्यास “बरे वाटत नाही” एवढेच सांगणे होय. मग तो बिचारा अंदाजाने एकेक भाग बदलीत बसतो, आणि त्याचा अंदाज आपल्या पैशाने तपासला जातो.

गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, तीन प्रश्न विचारावेत. वेग वाढविला की आवाजाचा स्वर चढतो काय? स्टेअरिंग वळविले की तो वाढतो काय? आणि गाडी उभी असता तो येतो, की फक्त धावताना? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर “फक्त धावताना” असे आले तर पॉवर स्टेअरिंगचा नाद सोडून द्यावा. चाकाची बेअरिंगे, टायर, ब्रेक इकडे पाहावे. आमच्या समजुतीप्रमाणे निम्मे गैरसमज एवढ्यानेच मिटतात.

पहिला प्रश्न मात्र थोडा विचार करण्याजोगा आहे. पंपाच्या आत फिरणाऱ्या भागास खाचा असतात व त्यांत दहाएक पाती सरकती बसविलेली असतात. लंबवर्तुळाकार कड्यात फिरताना ही पाती बाहेर सरकून तेलाचे एकेक माप उचलतात व पुढे दाबतात. समजा, पंप मिनिटास 900 फेरे घेतो. म्हणजे सेकंदास 15 फेरे. आणि पाती 10 असल्यास सेकंदास 150 धक्के. कानास हे धक्के निरनिराळे ऐकू येत नाहीत, एक सलग स्वर ऐकू येतो. इंजिनाचा वेग दुप्पट केला की धक्के 300 होतात, आणि स्वर बरोबर एक सप्तक वर चढतो. ज्या मुलांनी प्रार्थनेच्या वेळी हार्मोनियम ऐकली आहे त्यांस हे पारखावयास अवघड जाऊ नये. इंजिनाच्या वेगाबरोबर असा चढणारा-उतरणारा स्वर म्हणजे पट्ट्याने फिरणाऱ्या वस्तूंपैकी कोणीतरी बोलत आहे, असे निश्चित समजावे. परंतु त्या वस्तू अनेक आहेत: पंप आहे, वीज उत्पन्न करणारा अल्टरनेटर आहे, पाण्याचा पंप आहे. कोण बोलतो हे कळण्यास मेकॅनिक लांब पेचकसाचे टोक एकेकाच्या अंगावर टेकवून मूठ कानाशी धरतात. लाएनेकची सुरळीच ती. हे काम मुलांनी करू नये. फिरता पंखा व पट्टा जवळ असतात, आणि सैल बाही किंवा ओढणी त्यांत सापडावयास क्षण लागत नाही.

जुन्या गाडीत पॉवर स्टेअरिंगसाठी पट्टा वेगळा असेल तर याहूनही खात्रीचा उपाय आहे. इंजिन बंद करून तो पट्टा काढावा आणि इंजिन थोडा वेळ चालवून पाहावे. आवाज नाहीसा झाला तर दोष पंपाच्या बाजूचा. राहिला तर पंप निर्दोष. पट्टा सर्वांस एकच असेल तर पाण्याचा पंपही थांबतो, म्हणून अर्ध्या मिनिटाहून अधिक चालवू नये.

आवाजांच्या जाती आता सांगतो. किंचाळी फुटल्यासारखा तीक्ष्ण आवाज, विशेषतः सकाळी गाडी सुरू करताच किंवा स्टेअरिंग टोकापर्यंत वळविताना, हा बहुतेक पट्ट्याचा असतो. पट्टा सैल असतो, झिजून गुळगुळीत झालेला असतो, किंवा त्यावर तेल पडलेले असते. त्यामुळे भार आला की तो पुलीवरून घसरतो. दुरून पाण्याचा हलका शिडकावा केला असता आवाज तत्काळ बदलला, तर पट्ट्याविषयी शंका उरत नाही. इंजिन बंद असता अंगठ्याने मध्यभागी दाबून पाहावे. साधारण अर्ध्या इंचाहून अधिक दबत असेल तर तो ताणावयास हवा. पट्टा ही स्वस्त वस्तू आहे, म्हणून लोक ती पुढे ढकलतात. परंतु काही डिझेल गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात पंपही अल्टरनेटरच्याच अंगाला असतो. अशा गाडीत तोच पट्टा तुटला तर स्टेअरिंग व ब्रेक दोन्ही एकाच वेळी जड होतात. असा पट्टा पुढच्या महिन्यावर टाकणे आम्हांस तरी मान्य नाही.

ठक्क, खट् असा तुटक आवाज तेलाचा नव्हे. तो लोखंडाचा होय. टाय रॉडच्या टोकाचे सांधे, स्टेअरिंगच्या दांड्यातील जोड, किंवा पेटी चासीस धरून ठेवणारे बोल्ट, ह्यांपैकी काहीतरी ढिले झालेले असते. इंजिन बंद ठेवून एकाने स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे, व दुसऱ्याने खाली वाकून एकेका सांध्यावर बोटे ठेवावीत. जेथे ठोका बोटांस लागतो तेथे दोष. (किल्ली काढून घेतल्यास स्टेअरिंगला कुलूप बसते, म्हणून ती आत राहू द्यावी.) मासळीच्या गाडीत ह्या सांध्यांची विशेष दुर्दशा होते. क्रेटांतून ठिबकणारे बर्फाचे पाणी खारट असते, ते चासीवर पसरते, आणि समुद्राची दमट हवा उरलेले काम करते. असा सांधा निखळला तर लोखंडी सांधाच तुटला. त्यावेळी कितीही जोर लाविला तरी उपयोग नाही. सर्व आवाजांत हा आवाज सर्वांत लहान आणि सर्वांत धोक्याचा आहे. तो ऐकल्यावर माल भरू नये, गाडी प्रथम दाखवावी.

राहिले कण्हणे. नाट्याच्या गाडीचा आवाज हाच होता. इंजिन चालू होताच बारीक, आणि स्टेअरिंग वळविताच दीर्घ व केविलवाणा. हा आवाज ऐकून कोणीही पंपच बिघडला असे म्हणेल, कारण आवाज पंपातूनच येतो. पहिल्या गॅरेजने तेच म्हटले, दुसऱ्यानेही तेच म्हटले. पण पोट दुखते म्हणून पोटच दोषी असते असे नाही, खाल्लेले अन्नही दोषी असू शकते. पंपाच्या पोटात काय जात होते?

आम्ही मुलाच्या वडिलांस इंजिन चालू ठेवून टाकीचे झाकण काढावयास सांगितले. तेल दुधाळ दिसत होते, आणि त्यावर फेस तरंगत होता. मग इंजिन बंद करविले, तो आमच्या डोळ्यांदेखत तेलाची पातळी बोटभर वर चढली. मुलगा चकित झाला. तेल कोणी ओतले नव्हते. आम्ही त्यास विचारले, “गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर काय होते?” त्याला तत्काळ उमगले. दाबाखाली मावलेली हवा दाब जाताच फुगते. तेलात हवा मिसळली होती. इंजिन चालू असता ती दाबाने आकसत होती, आणि बंद होताच फुगून तेलास वर उचलीत होती. पंप तेलाबरोबर हवा गिळत होता, म्हणून कण्हत होता.

हवेच्या बुडबुड्याने एवढा आवाज व एवढी हानी कशी होते, ह्याचा इतिहास मनोरंजक आहे, आणि तो होड्यांच्या गावास जवळचा आहे. इंग्लंडात चार्ल्स पार्सन्सने 1894 साली ‘टर्बिनिया’ नामक वाफेच्या टर्बाइनची नौका पाण्यात सोडली. यंत्रात बळ अमाप, तरी नौकेस अपेक्षित वेग येईना. शोध करिता असे दिसले, की पंखा इतक्या जोराने फिरतो की त्याच्या पात्यांमागे पाण्याचा दाब पडतो, तेथे पाणी थंड असूनही जणू उकळते, वाफेच्या पोकळ्या उत्पन्न होतात, आणि पंखा पाण्याऐवजी पोकळीत फिरतो. पार्सन्सने एकाऐवजी तीन दांडे व त्यांवर नऊ पंखे बसविले, आणि 1897 साली राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवी नौदल-संचलनात ती नौका सर्वांस मागे टाकून धावली. पुढे लॉर्ड रॅले ह्या शास्त्रज्ञाने 1917 साली गणिताने दाखविले, की अशी पोकळी मिटते तेव्हा भोवतालचा द्रव चोहोंकडून मध्याकडे झेपावतो, आणि त्या एका बिंदूपाशी दाब प्रचंड वाढतो. बोटीच्या पंख्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात ते ह्याच कारणाने. साखरीनाट्याच्या बंदरात दुरुस्तीस काढलेले जुने पंखे असे खरवडलेले आढळले तर नवल नाही.

पंपातही दोन प्रकार घडतात. तेल येण्याची वाट अरुंद झाली, म्हणजे टाकीतील जाळी गाळाने भरली किंवा नळी आतून सुजली, तर पंपाच्या तोंडाशी दाब पडून पोकळ्या उत्पन्न होतात. आणि वाटेत कोठे भेग असेल तर बाहेरची हवाच आत शिरते. दोहोंत पंप कण्हतो. दोहोंत पात्यांस पुरेसे वंगण मिळत नाही, व नवा पंपही काही दिवसांत झिजतो. तेल कमी पडले तरीही टाकीत भोवरा होऊन हवा ओढली जाते. म्हणून सर्वांआधी पातळी पाहावी. हे सर्वांत स्वस्त निदान आहे, आणि आश्चर्य असे की ते बहुधा सर्वांत शेवटी केले जाते. थंडीच्या पहाटे तेल घट्ट असता आरंभी क्षणभर कण्हणे येऊन मग थांबते, त्याची फारशी चिंता नको.

नाट्याच्या गाडीत पातळी बरोबर होती, आणि खाली थेंबभरही तेल सांडलेले नव्हते. “गळत नाही, मग भेग कुठली?” असे वडिलांनी विचारले, आणि दोन्ही गॅरेजवाले फसले असतील ते येथेच. टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीत तेल दाबाने वाहत नाही, ते ओढले जाते. अशा नळीस बारीक चीर पडली तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. उसाच्या रसाच्या पेल्यातील नळी चिरलेली असली की रस सांडत नाही, फुर्र आवाज मात्र होतो व तोंडात हवा येते; तसाच हा प्रकार. चीर शोधण्याची युक्ती शेजारच्या होडीवर इंजिनाचे काम करणाऱ्या एका वृद्ध काकांनी सांगितली, ती आमच्या पुस्तकांत नव्हती. इंजिन मंद चालू ठेवून त्यांनी नळीच्या एकेका जोडावर बोटाने ग्रीस लिंपले. टाकीकडील जोडावर काही फरक पडला नाही. पंपाकडील जोडावर ग्रीस लागताच कण्हणे खाली उतरले, आणि काही क्षणांनी ग्रीस आत ओढले जाताच पुन्हा चढले. काका आमच्याकडे पाहून नुसते हसले.

तेथील क्लिप गंजून अर्धी झाली होती, आणि तिच्याखालचे रबर वाळक्या आंब्याच्या सालीसारखे कडक होऊन तडकले होते. पंप दोनदा बदलताना तीच नळी व तीच क्लिप पुन्हा चढविली गेली होती! पहिल्या पंपाच्या झिजेचा लोखंडी कीसही टाकीत तसाच राहिला होता. स्वच्छ पांढऱ्या कपात थोडे तेल घेऊन उन्हात धरले तेव्हा त्यात तो चमकला, म्हणजे दुसऱ्या पंपास हवा व कीस दोन्ही पचवावे लागले. ह्यात कोणाची लबाडी होती असे आम्हांस वाटत नाही. आवाज जेथे तेथेच रोग, ह्या घाईने हे झाले.

दुरुस्ती राजापुरास झाली. तिचा खर्च एका पंपाच्या किमतीचा लहानसा अंशच भरला. नळी नवी, क्लिप गंज न धरणाऱ्या पोलादाची, टाकी धुऊन जाळी साफ, आणि जुने तेल सर्व काढून नवे. तेल कोणते घालावे हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते आणि तेच घालावे. ब्रेकचे तेल चुकूनही ओतू नये. त्याने ह्या यंत्रातील रबरी वायसर फुगून नासतात. मग हवा काढण्याचे काम. पुढील चाके जमिनीपासून उचलून गाडी भक्कम ठोकळ्यांवर ठेविली (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, हे आम्ही मुलास दोनदा बजाविले), आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू वीस वेळा फिरविले. टाकीतून बुडबुडे येत गेले तसतसे तेल भरले. मग इंजिन सुरू करून पुन्हा काही वेळा फिरविले, फेस बसू दिला, पुन्हा पाहिले. घाई करून इंजिन आधीच सुरू केले असते तर पंपाने हवा व तेल घुसळून ताकासारखे केले असते, आणि मग ती हवा निघावयास रात्र गेली असती.

एक सूचना राहिली, ती जिवाची आहे. पंपाकडून पेटीकडे जाणाऱ्या जाड नळीत गळती वाटली तर ती बोटाने चाचपू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातूनही तेथले तेल त्वचा भेदून आत शिरू शकते. वरून जखम क्षुल्लक दिसते, आत मांस सडते. अशा वेळी दुखत नसले तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. पुठ्ठ्याचा तुकडा दुरून धरावा, त्यावर ओल उमटते.

नव्या मोटारींत हे सर्व तेलाचे प्रकरण नाहीसे होत चालले आहे. विजेच्या मोटरने साहाय्य देणारे स्टेअरिंग 1988 साली जपानात सुझुकीच्या सर्व्हो ह्या छोट्या गाडीत आले, व आता बहुतेक नव्या मोटारींत तेच असते. त्यात पंप नाही, तेल नाही, कण्हणेही नाही. बिघाड झाला तर दिवा लागतो. परंतु धक्क्यावरच्या जुन्या पिकअप गाड्या अजून पुष्कळ वर्षे तेलावरच वळतील.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलाचे वडील शाळेत आले, ते पुन्हा काळजीत. कण्हणे गेले होते, स्टेअरिंग हलके झाले होते, गाडी घाटातून दोनदा जाऊन आली होती. पण धक्क्यावर गाडी पुरती वळवून टोकाशी धरली की फुसफुस असा आवाज येतो म्हणाले. आम्ही त्यांस सांगितले, की हा दोष नव्हे. चाके टोकास पोहोचली की तेलास पुढे वाट उरत नाही, दाब चढतो, आणि पंपातील एक झडप उघडून तेल परत सोडते. त्याची ती फुसफुस. ती झडप नसती तर नळी फुटली असती. फक्त स्टेअरिंग टोकाशी पाच सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये, कारण त्या वेळी तेल झपाट्याने तापते. टोक लागले की हात किंचित सैल करावा, म्हणजे आवाज थांबतो. ते म्हणाले, “मग तो राहू दे.” आणि मुलाच्या सहामाहीच्या गुणांविषयी विचारू लागले.